जुनं खणांचं कपाट घेण्याआधी

वाड्यातलं सामान निघालंय म्हटल्यावर घाईने बयाणा देऊ नकोस. आधी एक खण पूर्ण बाहेर काढ आणि उजेडात धर. पुढची फळी बाजूच्या फळीला जिथे मिळते, तिथले दात बघ. हाताने कापलेले असतील तर थोडे लहानमोठे असतात, आणि सुताराने आखलेली बारीक रेघ बऱ्याचदा अजून दिसते. सगळे तंतोतंत सारखे असले तर बहुधा यंत्रकाम. मग तळ बघ. भरीव लाकडाच्या तळाला फट पडलेली असेल तर घाबरू नकोस, शंभर वर्षांत लाकूड आकसणारच. प्लायवूड असेल तर मात्र तळ बदललाय, नाहीतर कपाटच अलीकडचं आहे. अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाआधी जवळजवळ नव्हतेच. एखादा दुरुस्तीचा असू शकतो, सगळे तसलेच असतील तर विचार कर.

मी पहिलं कपाट घेतलं ते चकचकीत पॉलिशवर भाळून. महिन्याभरात खणाखाली पिठासारखा भुसा साचायला लागला. आत कीड जिवंत होती. तेव्हापासून पाठीमागची फळी आणि पाय बॅटरी लावून बघितल्याशिवाय मी भावाचं बोलतच नाही.

आणखी एक. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात खण सुळकन सरकतो, पावसाळ्यात तोच अडतो. लगेच रंधा मारू नकोस, कडेला मेण घास. मूळ लाकूड एकदा तासलं की परत येत नाही.