एडिसनमध्ये नव्याने आलेल्या मित्रास

आपण नुकतेच न्यू जर्सीत आला आहात, म्हणून बावीस वर्षांच्या अनुभवावरून लिहितो. गणपतीच्या आरतीला कोणाकडे गेलात की प्रसाद हातात पडण्यापूर्वीच ‘कंपनी कुठली, घर घेतलं का, ग्रीन कार्ड कुठवर आलं’ असे प्रश्न येतील. ते आपुलकीचेच असतात, पण त्यांवरूनच माणसाची पायरीही ठरते.

ग्रीन कार्डाचा, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याचा, आणि कर्तृत्वाचा मात्र काडीचाही संबंध नाही. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत सर्वसाधारणपणे कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत आणि देश ठरतो तो जन्मस्थानावरून. त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा, दुसऱ्या देशात जन्मलेला सहकारी लवकर मोकळा होतो आणि पुण्यात जन्मलेला माणूस वर्षानुवर्षे ताटकळतो. त्या रांगेची लाज बाळगू नका.

घराची घाई तर मुळीच करू नका. एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या तात्पुरत्या व्हिसावर असताना नोकरी गेली, तर नवी शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. माझ्या एका मित्राने केवळ चारचौघांत कमीपणा नको म्हणून मोठे घर घेतले होते. दिवाळीत मी गेलो तेव्हा दिवाणखान्यात फराळाच्या डब्यांशेजारी सामानाची अर्धवट भरलेली खोकी होती आणि वहिनी त्यांवर चादर पांघरत होत्या.

आणखी एक सांगतो. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानांत तांदळाची पोती उचलणारी माणसेही आपलीच आहेत. त्यांना घरी बोलवा. आम्ही ते कित्येक वर्षे केले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.