कार्यालयात वाय-फाय की केबल?

प्रश्न : आमच्या छोट्या कार्यालयातील संगणक एकमेकांना जोडायचे आहेत. केबल टाकण्याऐवजी सर्व काही वाय-फायवर चालवावे, असे सहकाऱ्यांचे मत आहे. त्यात तोटा काय?

उत्तर : सहकाऱ्यांचे मत निराधार नाही. बिनतारी जाळ्यासाठी भिंतींना छिद्रे पाडावी लागत नाहीत, लॅपटॉप उचलून बैठकीच्या खोलीत नेला तरी काम खंडित होत नाही आणि कोणी नव्याने रुजू झाले तर वेगळी तार ओढावी लागत नाही.

तोटा आहे तो सामाईक हवेचा. केबलने जोडलेल्या प्रत्येक संगणकाला स्विचपर्यंत, म्हणजे सर्व केबल जिथे एकत्र येतात त्या उपकरणापर्यंत, स्वतःची वाट असते. वाय-फायमध्ये मात्र एका चॅनेलवर (रेडिओ वारंवारितांच्या एका ठरावीक तुकड्यावर) साधारणपणे एका वेळी एकच उपकरण माहिती पाठवू शकते आणि बाकीच्यांना थांबावे लागते. त्यामुळे राउटरच्या खोक्यावर छापलेला वेग प्रत्यक्षात कधीच मिळत नाही, आणि जो मिळतो तोही सर्वांत वाटला जातो. कोपऱ्यातील खोलीत क्षीण सिग्नलवर चालणारा एखादा जुना लॅपटॉप तीच फाइल पाठवायला अधिक वेळ चॅनेल अडवून ठेवतो, आणि त्याची झळ राउटरशेजारी बसलेल्यालाही लागते. त्यातही २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन (१, ६ आणि ११), शिवाय शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक मोकळा आणि वेगवान असला, तरी जाड भिंतीपलीकडे त्याचा जोर लवकर ओसरतो.

सुरक्षेबाबत मी अधिक आग्रही आहे, कारण सिग्नल तुमच्या दारापाशी थांबत नाही. वाय-फायवरील माहिती सांकेतिक करून पाठवण्याची वेप ही जुनी पद्धत २००१ मध्येच भेदली गेली होती, तेव्हा ती चुकूनही वापरू नये. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ ही पद्धत निवडावी. जुन्या उपकरणांना ती चालत नसेल, तर किमान डब्ल्यूपीए२ आणि लांबलचक पासवर्ड ठेवावा. पाहुण्यांसाठी स्वतंत्र गेस्ट नेटवर्क असावे.

माझा सल्ला असा, की सर्व्हर, प्रिंटर आणि जागेवरून न हलणारे संगणक केबलनेच जोडावेत. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग सहज देते. लॅपटॉप आणि मोबाइल वाय-फायवर ठेवावेत, आणि त्यांच्यासाठीचा ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारे उपकरण) कपाटामागे न दडवता कार्यालयाच्या मध्यभागी छताला बसवून तोही केबलनेच स्विचला जोडावा.