बारा वर्षांच्या मुलीसाठी पहिली रायफल

तुमची मुलगी बारा वर्षांची, अंगाने बारीक, आणि तिच्या पहिल्या हरणाच्या शिकारीसाठी मित्र .३०-०६ ची (मोठं, जोरदार धक्क्याचं काडतूस) रायफल घ्यायला सांगतायत, कारण 'मोठी झाली तरी पुरेल'. नका घेऊ. वाढत्या पायाला एक माप मोठा बूट चालतो, रायफलीचं तसं नाही.

हीच चूक मी पुतण्याच्या बाबतीत केलीय. तिसऱ्या गोळीलाच पोरगा डोळे मिटून चाप ओढायला लागला. मग त्याला न सांगता खऱ्या काडतुसांत एक डमी, म्हणजे न उडणारं काडतूस, घातलं. चाप ओढला, नुसतं 'टक' झालं आणि नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली गेलं. त्यालाही दिसलं, बिचारा ओशाळला. ती दचक जायला .२२ या छोट्या, नावापुरत्या धक्क्याच्या रायफलीवर अख्खा हंगाम गेला.

तिच्यासाठी .२४३ विंचेस्टर बघा. १९५५ मध्ये आलेलं, .३०८ काडतुसाच्याच पितळी कवचाचं तोंड आवळून बनवलेलं काडतूस. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा. मात्र गोळी ९५-१०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), हरणासाठी बनवलेलीच घ्या. ५५-५८ ग्रेनच्या बहुतेक गोळ्या बारक्या जनावरांसाठी असतात, वरच्यावर फुटतात आणि हरीण जखमी होऊन पळतं. ७ मिमी-०८ या काडतुसालाही माझी ना नाही, धक्का मात्र .२४३ पेक्षा जास्त. .२२३ चा धक्का नावालाच, पण काही ठिकाणी हरणासाठी ते कायद्यानेच चालत नाही.

पण खरं सांगू? कॅलिबरपेक्षा मी दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, आधी बघेन. मोठ्यांच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास अंतर असतं, तिला बारा-साडेबारा पुरे. दस्ता लांब असला की मूल कमरेतून मागे झुकतं, दस्ता खांद्याच्या खोबणीतून दंडावर सरकतो आणि तिथेच काळंनिळं होतं. वर मान ताणून डोळा स्कोपला (नेमाच्या दुर्बिणीला) चिकटवला तर भुवई फुटते ती वेगळीच. चकत्या घालून लांबी वाढवता येईल असा दस्ता मिळतो, तो घ्या.

अगदी हलकी रायफलही नको. दुकानात हातात घेतल्यावर झकास वाटते, पण वजन कमी तेवढा धक्का जास्त. नळीच्या टोकाला बसवायच्या मझल ब्रेकने धक्का कमी होतो, आवाज मात्र कान फाडतो, आणि पोरं धक्क्याइतकीच आवाजालाही दचकतात. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही लावा.

आधी .२२ वर हात बसू दे. मोठी रायफल पहिल्यांदा टेबलावर टेकून नको, तशी ती जास्त लागते. उभ्यानेच मारू दे. चार-पाच गोळ्या, बास. 'अजून एक मारू?' असं ती विचारत असतानाच रायफल पेटीत ठेवा.