‘दोनच पोळ्या खाते मॅडम, तरी वजन हलत नाही’

आहाराचा सल्ला देताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की समोरची बाई खुर्चीत बसायच्या आधीच ते मला ऐकू येतं. कापूस वेचायला जाणारी असो, अंगणवाडीतली ताई असो की शाळेत शिकवणारी, तक्रार तीच. ‘खाणं तर काहीच नाही, मग वजन कशानं वाढतं?’ आणि मागोमाग दुसरी अडचण येते. घरात सहा-सात माणसांचा स्वयंपाक, त्यात स्वतःपुरतं वेगळं आणि मोजून कसं करायचं?

या बाया खोटं बोलत नसतात, हे आधी सांगते. ताटात खरोखर दोनच पोळ्या असतात. घोळ ताटाच्या बाहेर असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय एकेचाळीस, उंची १५२ सेंमी, वजन ७८ किलो, कंबर ९६ सेंमी. आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंमीच्या पुढे गेली की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला धरतात. थायरॉईडची तपासणी झाली होती, त्यात दोष नव्हता. शुगर मात्र काठावर आली होती, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत त्यांनी मोबाईलमधला एक डाएट चार्ट दाखवला. सकाळी ओट्स, दुपारी सूप, रात्री उकडलेली ब्रोकोली. आठ दिवस त्यांनी तो कसाबसा पाळला होता. तालुक्याला ब्रोकोली मिळाली नाही म्हणून फुलकोबी उकडून खाल्ली. नवव्या दिवशी निंदणाला गेल्या, तिथे चक्कर आली आणि चार्ट संपला.

‘दोनच त पोळ्या असते माह्या ताटात. मंग काऊन नाई उतरत वजन?’

मी काय खाता ते विचारलंच नाही. हातात एक कागद दिला, त्यावर तीन रकाने आखलेले. काय उरलं, किती उरलं, कुठे गेलं. तीन दिवस फक्त एवढंच लिहायचं. खाल्लेलं लिहायला सांगितलं की माणूस लाजतो आणि कमी लिहितो. उरलेल्याची लाज कोणाला वाटत नाही, म्हणून ते खरं उतरतं. हा कागद मी बऱ्याच वर्षांच्या कामातून बसवला आहे आणि तो क्वचितच रिकामा परत येतो.

त्या पुढच्या आठवड्यात आल्या तेव्हा कागद चार घड्यांचा होता, एका कोपऱ्याला हळदीचा डाग. अक्षर मुलीचं. ‘रात्री. भात दीड वाटी. मम्मी.’ ‘वरण अर्धी वाटी. मम्मी.’ ‘दादाची अर्धी पोळी. मम्मी.’ ‘सकाळचे पोहे. मम्मी.’ तीन दिवसांत तो शब्द अकरा वेळा आला होता. एकदा ‘कुत्रा’, दोनदा ‘गाय’.

मी कागद त्यांच्याकडे फिरवला आणि तिसऱ्या रकान्यावरून बोट खाली नेत गेले. काही बोलले नाही. त्यांनी वाचलं, परत वाचलं. बराच वेळ गेला. मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘म्हणजे माह्यं जेवण होतच नाई मॅडम. नुसते गंज खाली होतात.’

इतक्या बायकांशी बोलून जे मला कळलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात मांडलं. घरातली बाई शेवटी जेवते. तिचं जेवण किती, हे तिची भूक ठरवत नाही, सगळ्यांचं झाल्यावर गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी जे राहतं ते ठरवतं. अन्न टाकायचं नाही हा संस्कार चांगलाच आहे, पण त्याची सगळी किंमत एकाच शरीरातून वसूल होते. हिशेब केला तर दीड वाटी भात, अर्धी वाटी वरण, अर्धी पोळी मिळून साधारण सव्वातीनशे कॅलरी होतात, म्हणजे तीन फुलक्यांहून जास्त. ताटातल्या दोन पोळ्या खऱ्याच होत्या. त्यांच्यामागून आणखी तीन रोज, उभ्या उभ्या, झाकपाक करताना पोटात जात होत्या आणि जेवण म्हणून मोजल्याच जात नव्हत्या.

माझं जुनं मत आहे की माणसाच्या मनोनिग्रहाला कामाला लावण्याआधी घरातल्या भांड्यांना कामाला लावावं. मनोनिग्रह रात्री नऊपर्यंत थकतो. भांडं थकत नाही.

मी विचारलं, ‘भात उरतोच का?’

‘सासूबाई मूठ टाकतात न वरून. पाहुन्याची.’

सहा माणसांच्या मापाचे तांदूळ धुतले की सासूबाई येऊन एक मूठ वरून टाकायच्या. कोणी अवचित आलं तर असावं म्हणून. पाहुणा महिन्यातून दोनदा यायचा, मूठ मात्र रोज पडायची. एका मुठीत साधारण ३५ ग्रॅम तांदूळ बसतात, शिजून तो जवळपास एक वाटी भात होतो. दीड वाटीतली एक वाटी इथूनच येत होती.

तिसऱ्या भेटीला मी सासूबाईंना सोबत बोलावलं. वजनाचा प्रश्न एकट्या बाईला समोर बसवून सुटत नाही, ज्यांचा हात तांदळाच्या डब्यात जातो त्या सगळ्यांना बसवावं लागतं. सासूबाई आल्या त्या जरा तयारीनंच.

‘पाहुना दारात आला अन् गंज खाली असला त लाज कोनाची जाईन? उरलं नाई त बरकत कायची?’

मी म्हटलं, ‘आजी, मूठ काढायचीच. बंद नका करू. फक्त ती पाहुणा येईपर्यंत कच्ची ठेवली तर? वेगळ्या डब्यात. पाहुणा हातपाय धुऊन बसेपर्यंत कुकर होतो.’

त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘चालते,’ म्हणाल्या. ‘पन मूठ मीच काढीन.’

मला त्या क्षणी समजलं की मूठ ही भाताची गोष्टच नव्हती. या घरात माझा हात अजून चालतो, एवढंच त्यांना हवं होतं. तो मान तसाच राहिला आणि रात्रीचा भात एका वाटीनं कमी झाला. भांडण झालं नाही, कोणाला उपाशी राहावं लागलं नाही. महिन्याला त्या डब्यात किलोभर तांदूळ साठू लागला.

आता मापाचं सांगते, कारण ‘थोडं कमी खा’ या सल्ल्यानं काहीच होत नाही.

घरी वजनकाटा नसतो, हरकत नाही. नेहमीच्या वापरातली एक वाटी घेऊन किराणा दुकानात जा, काट्यावर ६० ग्रॅम पीठ तोलून घ्या आणि जिथवर येतं तिथे आतून खिळ्यानं ओरखडा करा. ही एका माणसाची एका जेवणाची खूण. यात मध्यम आकाराचे दोन फुलके होतात किंवा ज्वारीची एक लहान भाकर. इथेच फार जणी फसतात. पोळी सोडून भाकर धरली की वजन उतरतं असा समज आहे. आपल्याकडच्या हातावर थापलेल्या जाड भाकरीला ८० ते १०० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे एक भाकर तीन फुलक्यांएवढी. ज्वारी चांगलीच, तंतू जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, पण पिठाचं वजन तेच मोजायचं.

पोळ्या मोजून लाटणं घरात खटकतं, ‘मोजून वाढते’ असं कोणी बोललं की बाईच्या जिवाला लागतं. म्हणून मोजायचं ते पीठ, तेही परातीत टाकताना. नवऱ्याच्या, मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या गरजेनुसार खुणेच्या वाट्या ठरवायच्या आणि तेवढंच मळायचं. पंगतीत मग मोजायची वेळच येत नाही.

पोळीसोबत भातही हवा असेल तर एक फुलका कमी करून कच्चे तांदूळ ३० ग्रॅम धरा, शिजून साधारण ९० ग्रॅम होतात. दोन्ही पूर्ण घेतले की धान्य दुप्पट झालं, हे ताटात दिसत नाही कारण रंग वेगळे असतात. वरण मात्र कमी करू नका. तूर आपल्या शेतात पिकते, डाळ घरची असते, तरी वरण पाण्यासारखं करायची सवय आहे. पातळ वरणाला भात जास्त लागतो. माणशी ३० ग्रॅम डाळ घालून घट्ट करा. चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, केलं तर तीच त्या जेवणातली डाळ समजा.

भाजी हा आपला सगळ्यात कच्चा दुवा. ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर, तीही आलू-वांग्याची, त्यात आलूच जास्त. आलू भाताच्या बाजूला मोजायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींचं ताट सांगितलं आहे. त्यात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, २५० ग्रॅम धान्य आणि २७ ग्रॅम तेल आहे. वजन उतरवणाऱ्या बाईला धान्य याहून कमी लागतं, भाजी तेवढीच. पावसाळ्यात तरोटा, मग अंबाडी, दोडकी, चवळीच्या शेंगा, कोहळं, काकडी, जे बांधावर आणि बाजारात स्वस्त ते. भाजीची वाटी आधी संपवायची, मग पोळीला हात लावायचा.

तेलासाठी मी चमचे मोजायला सांगत नाही, फोडणीच्या घाईत कोणी मोजत नाही. पिप्यावर तारीख लिहायला सांगते. या घरी १५ किलोचा पिपा दोन महिन्यांत संपायचा. सहा माणसांत माणशी रोज ४१ ग्रॅम पडतं. तोच पिपा तीन महिने पुरवला की २८ ग्रॅमच्या आत येतं. त्यासाठी सकाळी दिवसभराचं १८० मिली तेल एका बाटलीत काढायचं आणि पिप्याचं झाकण लावायचं. मसाला बुडाला लागू लागला की तेलाऐवजी पळीभर गरम पाणी घालायचं. रश्श्यावर जी तर्री येते ते जवळजवळ तेलच असतं, आपल्या वाटीत घेताना पळी खालून भरायची. पहिले पंधरा दिवस घरात ‘भाजी फिकी लागते’ असं म्हणतात. तिखट-मीठ वाढवून भरपाई करू नका, लसूण, सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू वाढवा.

चहाचं थोडक्यात. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम. मर्यादा २० ते २५ ग्रॅमची. चमचा एक करा, कप तेवढेच राहू द्या.

आणि बाईनं सगळ्यांसोबत बसावं. या एका बदलाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. आपलं ताट गंजात चमचा बुडायच्या आधी, पहिल्यांदा वाढून घ्यायचं. उरलं तर त्याला जेवणाआधीच जागा ठरलेली हवी. गरमी नसेल तर झाकून सकाळच्या फोडणीच्या भाताला, नाहीतर गाईला. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र खाऊ नका, पोट बिघडतं.

ताईंचं पहिल्या महिन्यात दोन किलो उतरलं. दुसऱ्या महिन्यात काहीच नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं की निंदण संपलं होतं, त्या घरीच होत्या, पण शिदोरीच्या सवयीनं दुपारची भाकर तेवढीच चालू होती. शेताच्या दिवसाचं आणि घरच्या दिवसाचं माप एक असू शकत नाही. वाकून सहा तास निंदणाऱ्या बाईला एक भाकर जास्त लागते, ती द्यायचीच. चार्टच्या दिवसांत त्यांना चक्कर आली ती उगाच नव्हती. पण काम थांबलं त्याच दिवशी ही जास्तीची भाकर थांबली पाहिजे. आमच्या भागात फाल्गुनात शेतं मोकळी होतात आणि बायकांची वजनं चैत्र-वैशाखात वाढतात, ती आंब्यानं कमी आणि या न बदललेल्या भाकरीनं जास्त.

सहा महिन्यांत वजन ७८ वरून साडेएकाहत्तर झालं, कंबर सात सेंमीनं कमी. शुगर काठावरून मागे सरकली. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हीच टिकणारी चाल आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाचं माप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घटवू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे माप वापरायचं नाही.

परवाच्या भेटीत ताईंनी विचारलं, ‘आता महालक्ष्म्या येतात. सोळा भाज्या, पुरण, आंबील. काय करू?’

मी म्हटलं, ‘जेवा. प्रत्येक भाजी चमचाभर, पुरणपोळी एक, तीही सावकाश. त्या एका दिवसानं काही होत नाही. पुढचे तीन दिवस जे उरलेलं संपवत बसता, त्यानं होतं. संध्याकाळीच वाटून टाका.’

‘डबे काढून ठेवले मॅडम,’ त्या म्हणाल्या. ‘झाकणासकट. सासूबाईनं घासले.’