बाटलीवर स्मॉल बॅच लिहिलंय, पण चव कळायची कशी?

प्रश्न: भेट म्हणून स्मॉल बॅच बर्बनची, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीची, बाटली मिळालीय, १०० प्रूफ. आजवर मी स्कॉचच प्यायलोय. पहिल्याच घोटाला घसा असा जळला की लोक व्हॅनिला, कॅरॅमल वगैरे सांगतात त्यातलं काहीच कळलं नाही. स्मॉल बॅच म्हणजे नक्की काय? आणि पाणी घातलं तर वाया जाते का?

उत्तर: जळणारच हो, १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के अल्कोहोल, आणि ४० टक्क्यांच्या सवयीने मोठा घोट घेतला की जीभ आधी बधिरच होते. पाणी बिनधास्त घाला, पण थेंब थेंब, दरवेळी वास घेऊन बघा. वर निमुळता होणारा ग्लास घ्या, थोडीशीच ओता, पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या. नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून हलकाच वास घ्या म्हणजे अल्कोहोल झोंबत नाही. पहिला घोट अगदी लहान, तो फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, त्यावरून मत बनवूच नका. दुसरा घोट तोंडात फिरवा, गिळा आणि मग गप्प बसा, कारण गिळल्यानंतर जे मागे राहतं ना, ओकच्या लाकडाची चव, लवंगेसारखा तिखटपणा, कधी जळक्या साखरेचा कडवटपणा, माझ्या मते बर्बनची खरी मजा तिथेच आहे. बर्फाने मात्र वास दबतो, म्हणून चव ओळखायला बसलात तर नको, एरवी खुशाल घाला.

आता स्मॉल बॅच. याची कायद्यात व्याख्याच नाही. मोजके बॅरल, म्हणजे बर्बन ज्यात मुरते ती लाकडी पिंपं, निवडून एकत्र केले एवढाच अर्थ, आणि मोजके म्हणजे किती ते ज्याची त्याची डिस्टिलरी ठरवते. जिम बीम या बर्बन कंपनीच्या बुकर नो यांनी १९८८ मध्ये बुकर्स नावाची बर्बन आणली आणि १९९२ मध्ये तिच्यासोबत नॉब क्रीक, बेकर्स, बेसिल हेडन असा संचच निघाला, तिथून हा शब्द गाजला. पण म्हणून तो नुसता जाहिरातीचा म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, उंच गोदामांत वरच्या मजल्यावर उकाडा, खाली गारवा, त्यामुळे एकाच दिवशी भरलेले बॅरलही वेगवेगळे निघतात, आणि त्यातले कुठले एकमेकांना शोभतील हे चाखून ठरवणं हे मोठं कसब आहे, मला त्याचा फार आदर वाटतो. लेबलवर बॉटल्ड इन बाँड असेल तर त्याला मात्र अमेरिकेचा १८९७ चा कायदा आहे: एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर १०० प्रूफ. तुमची १०० प्रूफच आहे तर हे शब्द दिसतात का बघा.

प्रश्न: बर्बन गोडसर लागते, साखर घालतात का?

उत्तर: नाही. साखर नाही, रंग नाही, पाण्याशिवाय काहीच घालता येत नाही. धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो, त्याचा गोडवा थोडा असतोच, पण व्हॅनिला-कॅरॅमल येतं ते आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या बॅरलमधून. उरलेल्या धान्यात राय (गव्हासारखंच एक धान्य) जास्त असेल तर मसालेदार लागते, रायऐवजी गहू असेल तर मऊ. मेकर्स मार्क ही बर्बन गव्हाची, ती आणि एखादी जास्त रायवाली शेजारी शेजारी ठेवून चाखा, फरक लगेच कळेल.