दुसऱ्याच्या पात्रांवर पहिली कथा लिहिताना

कथा जरूर लिहा, धास्तीने वही मिटून ठेवू नका. मात्र कॉपीराइट कल्पनेला नसून तिच्या मांडणीला असतो, आणि ठसठशीत रेखाटलेले पात्रही अनेक देशांत त्या मांडणीतच मोडते, हे आधी समजून घ्या. नवखे लेखक हमखास मूळ संवाद जसेच्या तसे उतरवतात (माझ्या पहिल्या कथेतही असे दीड पान होते), आणि ‘सर्व हक्क मूळ लेखकाचे’ एवढी ओळ टाकली की आपण सुटलो, असे मानतात. त्या ओळीने श्रेय दिले जाते, परवानगी मिळत नाही. कथा विकू तर नकाच. पण फुकट दिल्यानेही ती आपोआप वैध ठरत नाही. पूर्ण मोकळीक हवी असल्यास कॉपीराइटची मुदत संपलेले साहित्य निवडा: बर्न करारानुसार (कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणपणे किमान ५० वर्षे संरक्षण असते, कित्येक देशांत ७०.