मांजा, पिंजरा आणि रिकामं माळरान

माणसामुळे वन्यजीवांचं काय होतंय, ते संकल्पना ठरवून, मांडणी करून फोटोत कसं दाखवायचं? या वेळी बहुतेकांनी हेच विचारलंय. त्यांतले चार प्रश्न घेतो.

प्रश्न : 'मानव विरुद्ध निसर्ग' अशी दहा फोटोंची मालिका करायची आहे. कल्पना खूप सुचतात, फोटो एकही होत नाही. (नाशिक)

होणार कसा? 'निसर्ग' कॅमेऱ्यात मावत नाही. एक प्राणी, एक वस्तू आणि त्या वस्तूने होणारी एक इजा, एवढं एका वाक्यात लिहून काढा. नाशिककर आहात, तर मांजाच घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी संक्रांतीला तो मिळतोच. सुती दोरा उन्हापावसात कुजतो, नायलॉन तसा कुजत नाही. झाडात अडकलेला मांजा सण सरल्यावरही घारी-वटवाघळांचे पंख कापत राहतो.

आता मांडणी. तिळगुळाचं ताट, शेजारी फिरकी (तुमच्या येवल्याकडे आसारी), तिच्यातून सुटलेला दोरा चौकटीच्या वरच्या कोपऱ्याकडे गेलेला आणि तिथे अधांतरी एक पीस. पीस कोंबडीचं घ्या, घारीचं बाळगणं कायद्यात बसत नाही. मागे काळी चादर, दिवा एकच, बाजूने आणि किंचित मागून. दिवा समोर आणलात की दोरा गायब होतो, पुन्हा कडेला नेलात की केसाएवढी रेघ चकाकते. उडत्या घारीला तो का दिसत नाही, हे दिवा हलवतानाच कळेल.

मांजा विकत आणू नका. हातमोजे घालून झाडावरचा काढा आणि काम झालं की बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. आणि कृपा करून लाल रंग शिंपडू नका. मी एकदा प्लास्टिकच्या हरणावर शिंपडला होता. प्रदर्शनात लोकांना तो सॉस वाटला.

प्रश्न : शेजाऱ्यांकडे पिंजऱ्यात पोपट आहे. तो तासभर आणून फोटो काढला तर चालेल? (डोंबिवली)

नाही. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाच १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शेजाऱ्यांना हे सांगणं अवघड जाईल, पण सांगा. पोपट तुम्ही दोघांनी मिळून परस्पर सोडून मात्र देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर जगता येईलच असं नाही, त्यामुळे वन विभागाला कळवा. फोटोसाठी रिकामा पिंजरा पुरे. दांडीवरच्या चोचीच्या खुणा आणि वाटीतली अर्धी मिरची जवळून घ्या.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये दोन फोटो जोडणं ही फसवणूक आहे का? (पुणे)

जोडलंय हे फोटोखाली लिहिलंत तर नाही. लपवलंत तर आहे, मग फोटोशॉप वापरलेलं नसलं तरी. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली एका गटात पहिला आलेला, वारुळाजवळच्या मुंगीखाऊचा फोटो पुढच्या वर्षी बाद झाला. तो प्राणी पेंढा भरलेला असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं.

प्रश्न : माळढोकवर काम करायचं आहे, पण पक्षीच दिसत नाही. दिसत नाही ते दाखवायचं कसं? (सोलापूर)

यंदाच्या प्रश्नांतला हा सगळ्यात चांगला. तुमच्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आणि आज देशभरात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात. माळरान नांगराखाली गेलं, शिकार झाली, आणि आता वीजवाहिन्या. माळढोकचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला कमी दिसतं. नराचं वजन १५ किलोपर्यंत जातं. तार दिसेपर्यंत एवढ्या जड पक्ष्याला वळायला वेळच उरत नाही.

प्लायवूडचा माळढोक कापून उभा करावा, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण त्याआधी शेळ्या राखणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारा, "केवढा असायचा हो?" ते हात पुढे करून दाखवतील, जमिनीपासून साधारण मीटरभर. तो हात तसाच धरून ठेवायला सांगा. कॅमेरा त्यांच्या कमरेच्या उंचीवर लावा, मागे लांबवर तारा येऊ द्या, चेहरा चौकटीबाहेर. अभयारण्यात शिरायचं तर वन विभागाची परवानगी काढा, नाहीतर हद्दीबाहेर, शेतमालकाला विचारून. संध्याकाळचा तिरपा उजेड हवा, म्हणजे हाताची सावली गवतावर पडेल आणि तळव्याखालची जागा मोकळी राहील.